अतिभक्षण विकृती

थोड्या वेळात, तेवढ्याच वेळात व तशाच परिस्थितीत बहुतेक माणसे खातील त्याहून निश्चितपणे अधिक अन्न खाणे आणि खात असताना स्वतःवर ताबा उरलेला नाही अशी जाणीव होणे, हे वारंवार घडत असेल व त्यामुळे व्यक्तीस तीव्र मनस्ताप होत असेल, तर त्या मानसिक विकारास अतिभक्षण विकृती म्हणतात. इंग्रजीत हा विकार ‘बिंज ईटिंग डिसॉर्डर’ या नावाने ओळखला जातो. सणासुदीला चार घास जास्त जाणे, श्रमाच्या कामानंतर भरपूर जेवणे किंवा आवडीचा पदार्थ पुन्हापुन्हा मागून घेणे म्हणजे ही विकृती नव्हे. पंगतीतला माणूस चारचौघांत व आनंदाने खातो. या विकाराने ग्रस्त झालेली व्यक्ती बहुधा एकटी, लपून, घाईघाईने व चवीकडे लक्ष न देता खाते आणि खाऊन झाल्यावर तिला स्वतःचीच किळस येते. खाण्याच्या प्रमाणापेक्षा ताबा सुटणे हेच या विकाराचे मर्म होय.

इतिहास : अन्नाच्या अभावाने होणाऱ्या रोगांचा अभ्यास वैद्यकात जुना आहे. अनावर खाण्याकडे मात्र दीर्घ काळ रोग म्हणून न पाहता स्वभावदोष म्हणून पाहिले गेले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ॲल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्ये लठ्ठ व्यक्तींच्या खाण्याच्या पद्धतींचे वर्णन करताना काहींच्या बाबतीत अनावर भक्षणाचे झटके येत असल्याचे नमूद केले. १९७९ मध्ये ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जेरल्ड रसेल यांनी ‘बुलिमिया नर्व्होसा’ या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या विकारात अतिभक्षणानंतर मुद्दाम उलटी करणे, रेचके घेणे, कडक उपवास किंवा अतिरिक्त व्यायाम करणे असे भरपाईचे उपाय रुग्ण नियमितपणे योजतो. असे उपाय न योजणाऱ्या रुग्णांचा वर्ग वेगळा असल्याचे पुढे स्पष्ट होत गेले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीत (१९९४) अतिभक्षण विकृतीस परिशिष्टात आणि पाचव्या आवृत्तीत (२०१३) स्वतंत्र विकार म्हणून स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली असून तीतही हा विकार स्वतंत्रपणे नोंदलेला आहे.

लक्षणे व निदान : उपर्युक्त निदानपुस्तिकेनुसार अतिभक्षणाचे प्रसंग सरासरीने आठवड्यातून किमान एकदा, याप्रमाणे तीन महिने घडत असले पाहिजेत. त्याचबरोबर पुढील पाचांपैकी किमान तीन लक्षणे असावी लागतात : नेहमीपेक्षा पुष्कळच भरभर खाणे, पोट तडस लागण्याइतके भरेपर्यंत खाणे, भूक नसताना भरपूर खाणे, आपण किती खातो याची लाज वाटून एकट्याने खाणे आणि खाल्ल्यानंतर किळस, खिन्नता वा तीव्र अपराधी भावना येणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात खाल्लेल्या अन्नाच्या प्रमाणावर एवढा भर नाही. बाहेरून पाहणाऱ्यास ते अन्न थोडे वाटले, तरी रुग्णाचा ताबा सुटलेला असणे व खाणे नेहमीपेक्षा निराळे असणे निदानासाठी महत्त्वाचे मानले आहे.

निदानापूर्वी भूक वाढविणारी इतर कारणे पाहणे आवश्यक असते. अवटू ग्रंथीचे अतिस्रवण, अनियंत्रित मधुमेह, मेंदूतील अधोथॅलॅमसास झालेली इजा, प्राडर-विली लक्षणसमूहासारखे जन्मजात विकार, तसेच स्टेरॉइडे व ओलँझापीन, क्लोझापीन यांसारखी मनोविकारांवरील औषधे यांमुळेही भूक वाढते. आयुर्वेदात अत्यग्नी किंवा भस्मक या नावाने वर्णिलेल्या व बोली भाषेत ‘भस्म्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अवस्थेशी या विकाराची गल्लत होते. भस्मकात जठराग्नी प्रदीप्त होऊन खाल्लेले अन्न जळून जाते व शरीर क्षीण होत जाते, अशी कल्पना आहे. अतिभक्षण विकृतीत खरी भूक असतेच असे नाही. खाण्याने पोट भरून दुखू लागले, तरी हात थांबत नाही, हीच तर रुग्णाची तक्रार असते.

या विकाराबरोबर अवसाद, चिंताविकृती व व्यसनाधीनता यांचे प्रमाण अधिक आढळते. लठ्ठपणा, टाइप २ मधुमेह व उच्च रक्तदाब यांचाही संबंध येतो. आत्महत्येचे विचार येत असल्यास तातडीने उपचार करणे अगत्याचे असते.

कारणे : या विकाराचे एकच एक कारण सांगता येत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा लक्षणीय वाटा दिसून येतो. मेंदूतील पारितोषिक व आत्मनियमन यांच्याशी संबंधित यंत्रणांतील भेद, बालपणातील छळ वा उपेक्षा, वजनावरून झालेली चेष्टा, अपुरी झोप व सततचा ताण हे घटक त्याला पोषक ठरतात. अनेक रुग्णांत खिन्नता, एकटेपणा, संताप किंवा कंटाळा यांची तीव्रता काही क्षण विसरण्यासाठी खाण्याचा आश्रय घेतला जातो. ते क्षण सरल्यावर मूळ दुःखात लाजेची भर पडते.

अन्नाचा तुटवडा, मग तो लादलेला असो वा स्वतःहून पत्करलेला, हा या घटकांपैकी सर्वांत दुर्लक्षित घटक होय. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ व त्यांचे सहकारी यांनी उपासमारीवर एक प्रयोग केला. सैन्यात शस्त्र धरण्यास तत्त्वतः नकार दिलेले, शरीराने व मनाने निरोगी असे ३६ तरुण त्यासाठी स्वेच्छेने पुढे आले. २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आले व त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटले. या काळात त्यांच्या मनात अन्नाखेरीज दुसरा विचार उरला नाही. काहींचा ताबा सुटून त्यांनी चोरून खाल्ले व नंतर त्यांना पश्चात्ताप झाला. पुढे अन्न मुबलक मिळू लागल्यावरही त्यांच्यापैकी काही जण पोट तुडुंब भरल्यानंतरही भुकेलेलेच राहिले. प्रयोगाचे सविस्तर वृत्त १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. निरोगी माणसाचाही खाण्यावरील ताबा दीर्घ उपासमारीने सुटू शकतो, हा त्यातून मिळालेला धडा आहे. मात्र प्रत्येक रुग्णाची सुरुवात उपासमारीने किंवा पथ्याने होते, असे नाही. पुष्कळ रुग्णांत अतिभक्षण आधी सुरू होते व वजन घटविण्याचे प्रयत्न नंतर येतात.

प्रचलित गैरसमज : अतिभक्षण म्हणजे इच्छाशक्तीचा अभाव, हा सर्वांत रूढ समज आहे. ‘खादाड’, ‘अधाशी’, ‘हावरट’ या शब्दांत निदानापेक्षा निवाडाच अधिक असतो. प्रत्यक्षात हे रुग्ण दिवसाचा बराच भाग स्वतःला आवरण्यातच घालवितात. सकाळी न्याहारी टाळायची, दुपारी अर्धा डबा परत आणायचा, भात वर्ज्य करायचा आणि रात्री सगळे निजल्यावर ताबा सुटायचा, असा क्रम अनेकांत आढळतो. येथे निग्रह नसतो असे नाही. निग्रहाच्या ताणानेच दोरी तुटते.

प्रत्येक लठ्ठ व्यक्तीस हा विकार असतो व सडपातळ व्यक्तीस तो नसतो, हा दुसरा गैरसमज होय. बहुसंख्य लठ्ठ व्यक्तींना अतिभक्षण विकृती नसते आणि सर्वसाधारण वजनाच्या व्यक्तींनाही ती होऊ शकते. वजनकाट्यावरून निदान करता येत नाही.

हा फक्त स्त्रियांचा विकार आहे, असेही मानले जाते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील राष्ट्रीय पाहणीत आयुष्यात केव्हा तरी हा विकार झालेल्यांचे प्रमाण स्त्रियांत ३·५ टक्के व पुरुषांत २ टक्के आढळले. पुरुषाने भरपूर खाणे आपल्याकडे कौतुकाचा विषय असल्याने त्याची तक्रार बहुधा तक्रार म्हणून ऐकलीच जात नाही.

श्रीमंतांचा व महानगरांचा आजार, हा समज मात्र अधिक विस्ताराने तपासण्याजोगा आहे. त्यासाठी पालघर जिल्ह्याचे उदाहरण उद्बोधक ठरेल. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात भुकेचे व अन्नाचे अनेक प्रकार शेजारी-शेजारी नांदतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या डोंगराळ तालुक्यांत वारली, कोकणा, कातकरी आदी आदिवासी जमातींची वस्ती आहे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे या भागातील कुपोषण राज्यभर चर्चेचा विषय झाले. पश्चिमेस बोईसर-तारापूर येथे औद्योगिक वसाहत असून तीत रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने आहेत. तारापूर येथील अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. किनाऱ्यावर सातपाटी, डहाणू येथे मासेमारी चालते. घोलवड-डहाणू परिसर चिकूच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. २०१३ मध्ये मुंबईची उपनगरी रेल्वेसेवा डहाणू रोडपर्यंत वाढली आणि पालघर, बोईसर, वाणगाव या स्थानकांवरून रोज दूरवर कामाला जाणाऱ्यांचा त्या सेवेशी संबंध आला.

अशा जिल्ह्यात ‘जास्त खाण्याचा आजार’ असे नुसते म्हटले, तरी ऐकणाऱ्यास ती भुकेल्यांची थट्टा वाटण्याचा संभव आहे. परंतु तुटवडा व अतिभक्षण हे परस्परविरोधी नाहीत. २०१७ मध्ये अमेरिकेच्या टेक्सस राज्यातील सॅन अँटोनियो येथे मोफत अन्नवाटप केंद्रांवर येणाऱ्या लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात घरातील अन्नाची टंचाई जितकी तीव्र, तितके अतिभक्षणाचे प्रमाण अधिक, असे आढळून आले. पाहणी परदेशातील असल्याने तिचे आकडे येथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तथापि तिने दाखविलेली दिशा विचारात घेण्यासारखी आहे. भात निघेपर्यंतचे पावसाळ्यातील ओढगस्तीचे दिवस, दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर होणारे स्थलांतर, पावसाळी मासेमारीबंदीतील बेताची मिळकत, अशा परिस्थितीत अन्न कधी आहे तर कधी नाही, असे चक्र निर्माण होते. घरात शिधा आल्यावर पोटभर खाणे ही त्यातील स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. तिला विकृती म्हणणे चुकीचे व अन्यायाचे ठरेल. परंतु टंचाई सरल्यावरही ताबा सुटणे, लपून खाणे व त्यानंतरचा तीव्र मनस्ताप चालूच राहिला, तर तो विकार असू शकतो आणि गरिबी हे त्याचे निदान नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही.

अखंड प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांत व वीज केंद्रात काम पाळ्यांनी चालते. रात्रपाळी करणाऱ्याची झोप व जेवणाच्या वेळा आठवड्या-आठवड्याला बदलतात. गावापासून दूर, खोलीत चार-पाच जणांबरोबर राहणारा कामगार खाणावळीच्या वेळा चुकल्या की वडापाव, फरसाण, बिस्किटे यांवर वेळ मारून नेतो. पहाटेच्या गाडीसाठी उपाशी निघणाऱ्या व रात्री उशिरा परतणाऱ्या नोकरदार स्त्रीच्या बाबतीतही दोन जेवणांतील अंतर असेच लांबते. सगळ्यांचे जेवण आटोपल्यावर उरलेसुरले उभ्याउभ्या खाण्याची गृहिणींची सवय याच जातीची होय. पाळी, प्रवास किंवा घरकाम यांनी विकार जडतो असे नव्हे. पण विकाराकडे कल असलेल्या व्यक्तीस अनियमित जेवण, अपुरी झोप व एकटेपणा यांचे एकत्र येणे घातक ठरू शकते.

उपवास व कडक पथ्य हाच या विकारावरील इलाज, हा समज सर्वांत हानिकारक आहे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ या म्हणीत थट्टेने सांगितलेली गोष्ट शरीरशास्त्रदृष्ट्या खोटी नाही. श्रद्धेने, ठराविक दिवशी केलेला उपवास निरोगी माणसास सहसा बाधत नाही. अतिभक्षणाचे प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी धरलेला उपवास मात्र पुढील झटक्याची तयारी करून ठेवतो. विकार असेपर्यंत अशा व्यक्तीने व्रतवैकल्यांतील उपवासांविषयी वैद्याचा सल्ला घ्यावा. मधुमेही रुग्णास केवळ पथ्याचा तक्ता देऊन परत पाठविले व त्याच्या खाण्यावरील ताब्याची विचारपूसच केली नाही, तर तक्ता मोडल्याची लाज वाटून तो पुढील तपासणी टाळण्याची शक्यता असते.

उपचार : बोधात्मक वर्तनोपचार हा या विकारावरील सर्वांत चांगला अभ्यासला गेलेला उपचार आहे. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ क्रिस्टोफर फेअरबर्न यांचे त्याच्या विकासात मोठे योगदान आहे. ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार (२०१७) प्रौढांसाठी आरंभी मार्गदर्शनयुक्त स्वयंसाहाय्याचा कार्यक्रम व त्याचा उपयोग न झाल्यास गटाने घ्यावयाचा वर्तनोपचार सुचविण्यात आला आहे. आंतरव्यक्तिक मानसोपचारही परिणामकारक ठरला आहे.

वर्तनोपचाराची पहिली पायरी अगदी साधी, पण रुग्णास सर्वांत अवघड वाटणारी असते. ती म्हणजे नियमित खाणे. दिवसातून तीन जेवणे व दोन-तीन वेळा अल्पोपाहार, दोन खाण्यांत तीन-चार तासांहून अधिक अंतर न पडू देणे आणि आदल्या रात्री ताबा सुटला असला, तरी दुसऱ्या सकाळची न्याहारी न टाळणे, हा तिचा गाभा आहे. वेळापत्रक घड्याळापेक्षा झोपेच्या वेळेस धरून आखल्यास ते पाळीच्या कामगारासही पाळता येते : उठल्यावर पहिले जेवण, पाळीच्या मध्यावर डबा, घरी आल्यावर हलके खाणे. त्यासाठी महागडे खाद्यपदार्थ लागत नाहीत. भाकरी, वरण-भात, उसळ, अंडे, सुकट, नाचणीची आंबील, चणे-शेंगदाणे, केळी असे नित्याचे अन्न पुरते. जेथे अन्नच अपुरे आहे, तेथे शिधा व पोषण आहार यांची व्यवस्था हाच उपचाराचा पहिला भाग होय.

दुसऱ्या पायरीत काय, केव्हा, कोठे खाल्ले व त्या वेळी मनात काय होते, याची नोंद रुग्णाने ठेवावयाची असते. भांडणानंतर, पगाराच्या दिवशी, रिकाम्या खोलीवर परतल्यावर असे धोक्याचे प्रसंग त्यातून उघड होतात. त्या वेळी काय करता येईल, याचे पर्याय आधीच ठरविले जातात. पुढे वर्ज्य मानलेले पदार्थ थोड्या प्रमाणात नेहमीच्या जेवणात परत आणणे, आपल्या शरीराविषयीच्या कठोर कल्पना तपासणे व अडचणी सोडविण्याची रीत शिकणे हे टप्पे येतात.

औषधांचे स्थान दुय्यम आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये प्रौढांतील मध्यम ते तीव्र विकारासाठी लिस्डेक्सअँफेटामीन या औषधास मान्यता दिली. ते उत्तेजक असून त्याची सवय लागण्याचा धोका असल्याने व हृदयावरील परिणामांमुळे ते तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. काही अवसादरोधक औषधांचा मर्यादित उपयोग होतो. वजन झटपट उतरविण्यासाठी जाहिरात केली जाणारी चूर्णे, रेचके व गोळ्या यांचा या विकारावर काहीही उपयोग नसून त्यांनी तो बळावू शकतो.

बरे होण्याचा क्रम : वर्तनोपचारांच्या चाचण्यांत सुमारे निम्म्या रुग्णांचे अतिभक्षण उपचारांच्या अखेरीस पूर्णपणे थांबलेले आढळते व इतर अनेकांत त्याची वारंवारता घटते. वजन मात्र त्या मानाने फारसे कमी होत नाही. त्यामुळे ‘वजन उतरले म्हणजे बरा झाला, उतरले नाही म्हणजे उपचार फुकट गेला’ हा हिशेब चुकीचा आहे. झटके थांबणे, चारचौघांत निर्धास्तपणे जेवता येणे, अन्नाचा विचार दिवसभर न छळणे आणि स्वतःविषयीची घृणा ओसरणे, ही सुधारणेची खरी लक्षणे होत.

एकदा ताबा सुटला म्हणजे सगळे मुसळ केरात, असे मानणे ही बरे होण्याच्या वाटेवरील मोठी अडचण असते. एखादा प्रसंग घडणे व विकार उलटणे यांत फरक आहे. अशा वेळी पुढचे जेवण ठरल्या वेळी घेणे, एवढेच करावयाचे असते. उलटपक्षी, हा विकार आपोआप जाईल म्हणून वाट पाहात राहणेही योग्य नव्हे, कारण उपचारांवाचून तो वर्षानुवर्षे टिकू शकतो.

घरच्या माणसांच्या वागण्यास फार महत्त्व आहे. डब्यांना कुलूप लावणे, पानातले घास मोजणे किंवा पाहुण्यांसमोर टोमणे मारणे यांमुळे खाणे थांबत नाही, ते केवळ लपते. त्याऐवजी शक्य तेव्हा एकत्र जेवणे, वजनाचा विषय जेवताना न काढणे व ‘तुला त्रास होतो आहे का?’ असे एकांतात विचारणे अधिक उपयोगी पडते. देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम राबविला जातो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने सुरू केलेल्या ‘टेलिमानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र निःशुल्क सल्ला मिळतो. रात्रपाळीच्या कामगारास किंवा दवाखान्यात जाण्यास संकोचणाऱ्या व्यक्तीस ही सेवा सोयीची आहे. पालघर-बोईसर परिसरातील रुग्णांना ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय व मुंबईतील सार्वजनिक रुग्णालयांचे मनोविकार विभाग यांचाही आधार घेता येतो. मानसिक आरोग्यसेवा कायद्याने (२०१७) अशा उपचारांचा हक्क व रुग्णाच्या माहितीची गोपनीयता मान्य केलेली आहे. या विकारात मदत मागण्यास होणारा विलंब पुष्कळदा लाजेमुळे होतो. ही लाज कमी करणे हे वैद्यकाइतकेच समाजाचेही काम आहे.